शेवट माहीत नसलेली माणसं
(सदर : पुस्तकांविषयी विचारा)

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. बऱ्याच दिवसांपासून काळप्रवासाची एक कादंबरी लिहितो आहे. कॉलेजातला एक मुलगा ऐरोलीतूनच थेट १४ एप्रिल १९४४ या दिवशी जाऊन पडतो आणि मुंबईच्या गोदीतला स्फोट थांबवायला धावतो. जहाज, माल, वेळ, सगळा अभ्यास करून लिहिलं आहे. पण मित्र म्हणतात, माहिती छान आहे, युद्धाच्या काळात गेल्यासारखं मात्र वाटत नाही. सुरुवातीची प्रकरणं सोबत पाठवतो आहे. काय कमी पडतंय? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : प्रकरणं वाचली. माहिती चोख आहे. अडचण अशी, की ती तुमच्या नायकाबरोबर इतर सगळ्यांनाही आहे. गोदीतला हमाल दुसऱ्याला म्हणतो, ‘आता युद्ध संपत आलं, वर्षभराचाच प्रश्न आहे.’ हे त्याला कोणी सांगितलं? एप्रिल १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्या नव्हत्या, त्याला जून उजाडायचा होता. जपानी सैन्य कोहिमा-इंफाळला भिडलेलं होतं. तुम्ही निवडलेल्या तारखेलाच, १४ एप्रिलला, मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते आणि कस्तुरबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या दुपारी मुंबईतल्या माणसाला हे युद्ध कोण जिंकणार हे माहीत नव्हतं, आणि कोणी जिंकावं यावरही घराघरात एकमत नव्हतं. हा गोंधळ तुमच्या पानांत यायला हवा. इतिहासाच्या पुस्तकात तो मिळत नाही, कारण तिथे शेवट आधी ठरतो आणि बाकीचं त्यामागे लावलं जातं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला तो तसाच, कारण परीक्षेला तसाच लागतो. कादंबरीला ही सक्ती नाही.

माझ्या सासूबाई तेव्हा गिरगावात चाळीत राहायच्या, शाळकरी वयाच्या. त्या सांगायच्या ते ऐका. दुपारचा चहा चुलीवर होता. आधी जमीन हलली, मग आवाज आला, आणि फळीवरची पितळी पातेली एकामागोमाग खाली आली. त्यांच्या वडिलांनी ब्लॅकआउटसाठी खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला होता. काचा फुटल्या, पण कागदाला तशाच लटकत राहिल्या. चाळीत एकच ओरडा झाला, ‘जपान्यांनी बॉम्ब टाकले!’ दोन वर्षांपूर्वी याच भीतीने त्यांच्या घरातली बायकामुलं गावी पाठवली होती, तेव्हा दुसरं काही कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. अर्ध्या तासाने दुसरा दणका झाला, तेव्हा तर खात्रीच पटली. पुढे कितीतरी दिवस कोणी म्हणे पाणबुडी, कोणी म्हणे घातपात. आपल्याच बंदरात उभ्या असलेल्या आपल्याच बाजूच्या जहाजावर कापसाला आग लागली आणि पोटातला दारूगोळा उडाला, ही सरळ गोष्ट कोणाला सुचलीच नाही.

आणि सरकारने ती सांगितलीही नाही. बातमीवर सेन्सॉर बसला. जपानच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने दुसऱ्याच दिवशी तपशिलात बातमी दिली. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची परवानगी मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला. विचार करा, खरी बातमी शत्रूच्या रेडिओवर आणि आपल्या छापील कागदावर शांतता! चाळीत रेडिओ कोणाकडे असेल, तो आवाज किती बारीक ठेवत असेल, ऐकलेलं शेजाऱ्याला सांगेल की नाही? तुमचं एक अख्खं प्रकरण इथे आहे आणि तुम्ही ते दोन ओळींत संपवलंत.

आता तुमच्या नायकाबद्दल. त्याला फार सोपं जातंय. १९४४ मध्ये तो ऐरोलीत उतरला तर समोर खाडी, मिठागरं आणि गाव. सिडको स्थापन व्हायला १९७० साल उजाडायचं आहे. ऐरोलीचा पूल नाही, ठाणे-वाशी गाडी नाही. होडीने पलीकडे जा, नाहीतर कळव्याच्या अंगाने फिरून ठाणे स्टेशन गाठा. विजेवरची लोकल तेव्हा होती, पण त्या मुलाच्या खिशात चालणारं नाणं आहे का?

घड्याळाचा मुद्दा तर तुमच्या हातून पार निसटला आहे. तो ‘चारच्या आत’ पोहोचायची धडपड करतो. चार कोणाच्या घड्याळात? युद्धामुळे सप्टेंबर १९४२ पासून सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे केली होती, ती ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच होती. त्यात मुंबईची स्वतःची वेळ वेगळी, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. मिनिटामिनिटाचा हिशेब पाठ करून गेलेल्या मुलाला तिथे पोहोचल्यावर किती वाजले हेच कळू नये, याहून चांगला पेच काळप्रवासाच्या कादंबरीत मला तरी सुचत नाही.

शिवाय त्याचं ऐकणार कोण? गेटवरच्या शिपायाला एक अनोळखी पोरगा सांगतो, की ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटकं आहेत. त्याला गुप्तहेर म्हणून कोठडीत टाकतील. टाकू द्या. कोठडीतून त्याला बंबांच्या घंटा ऐकू येऊ द्या. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणूनच १४ एप्रिल आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. नायकाला त्यांचं काय होणार ते ठाऊक आहे, ते मात्र नेहमीसारखे नळ ओढत आगीकडे निघालेत. हे एवढं जरी नीट लिहिलंत, तरी पुरे. जहाजावरच्या सोन्याच्या विटांचा पाठलाग काढून टाका. विटा खऱ्या होत्या, पुढे कितीतरी वर्षं गोदीच्या गाळात सापडत राहिल्या, हे मान्य. पण त्यांच्यामागे धावताना माणसं मागे पडतात.

प्रश्न : काळप्रवास करून कोणी पानिपतावर गेलं आणि भाऊसाहेबांना सावध केलं तर, अशी कथा माझ्या नातवाने लिहिली आहे. मला ती पोरकट वाटते. तुमचं मत? – एक आजोबा, चरई, ठाणे

उत्तर : पोरकट म्हणू नका, आजोबा. पानिपत वाचून हा विचार मनात आला नाही असा मराठी माणूस मला भेटलेला नाही. फक्त नातवाला सांगा, प्रवाशाला रणांगणावर न नेता पुण्याला ने. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते आपल्याला पाठ आहे, पण शनिवारवाड्याला ते कधी आणि कसं कळलं? मदतीला उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना वाटेत सावकारी पत्र हाती लागलं ते आडवळणाचं : दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव.

तरी सगळ्यांना ते पटलं नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य मानलंच नाही, त्यांच्या लेखी भाऊसाहेब येणार होते. मग भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि लढाईनंतर पंधरा वर्षांनीही कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाऊ शकले, इतकी माणसं त्याच्या मागे होती. १७७६ साली त्याला देहदंड झाला. सगळेच काही फसलेले नव्हते, काहींना त्यात फायदा दिसला. पण ज्यांना तो खराच वाटला, त्यांच्यासाठी पानिपत १७६१ मध्ये संपलेलं नव्हतं. नातवाचा प्रवासी पार्वतीबाईंसमोर उभा राहिला आणि त्यांनी विचारलं, ‘इकडचं येणं कधी होईल?’ तर तो काय उत्तर देईल? हे त्याला लिहू द्या. लिहून झालं की मला नक्की पाठवा.

प्रश्न : ठाणे शहरात अशी कथा घडवायला जागा आहे का? – एक वाचक, वाशी

उत्तर : आहे की! ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत हिंडता येणार नाही. माझी शिफारस १८१६ ची आहे. दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे इंग्रजांच्या कैदेत होते, पहाऱ्याला युरोपियन शिपाई होते आणि त्यांना मराठी येत नव्हतं. बाहेर घोड्याची निगा करणारा मोतद्दार गाणं म्हणत राहायचा आणि त्या गाण्यातूनच सुटकेचा बेत आत पोहोचवायचा. सप्टेंबरमध्ये त्रिंबकजी निसटले. तुमचा प्रवासी मराठी असेल तर त्या आवारात गाण्याचा अर्थ कळणारा तो आणखी एक माणूस ठरेल. गप्प राहायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. जुन्या ठाण्यासाठी मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. ते १८९३ पासून चालू आहे. तिथल्या ग्रंथपालांना काय शोधताय ते सविस्तर सांगा.