डबे सुरू करतेयस ना? मग भाताचं ऐक

पोळ्या, भाज्या तू सांभाळशील, तुझा हात चांगला आहे. मी फक्त भाताबद्दल बोलते, कारण तिथेच सगळ्या नव्या बायका गाफील असतात. मीही होते. उरलेल्या भाताचं पातेलं रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायचे!

तांदळावर बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू बऱ्याचदा असतात. कडक कवचाचे, उकळीतही सगळे मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, भराभर वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष १२१ अंशांवर ९० मिनिटं तापवलं तरी टिकतं. त्यामुळे ‘सकाळी खमंग फोडणी दिली की झालं’ हे डोक्यातून काढ. वासानंही काही कळत नाही. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये चायनीज हॉटेलांतल्या फ्राइड राइसनं लोक असेच आजारी पडले. फ्रिजमध्ये शितं चिकटतात म्हणून तिथे शिजलेला भात बाहेरच ठेवत.

खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या होतात. याच जिवाणूचा दुसरा प्रकार जुलाबांचा, तो जरा उशिरा. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण गिऱ्हाईक परत येत नाही गं.

भात दोन-तीन घाण्यांत लाव, डबे भरेपर्यंत वाफाळता, ६० अंशांच्या वर राहू दे. उरला तर परातीत पातळ पसर आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाक. खोल पातेलं तसंच ठेवलंस तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. आणि शिळा भात डब्यात नकोच, घरी खा, तोही दुसऱ्या दिवशीच.