लेकरू हुशार आहे की नुसतं बोलघेवडं?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"आमची वसमतजवळ आठ एकर शेती आहे, मुख्य पीक हळद. मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते, अकरावीला ६८ वर आला. अभ्यास सोडून सगळं डोकं नव्या शोधांत. क्वांटम कॉम्प्युटर, फ्युजन, बॅटऱ्या, एआय. प्रत्येकावर ह्याचं मत तयार. परवा भावकीतल्या साखरपुड्यात नवरदेवाच्या मामाला, त्यांचा पेट्रोलपंप आहे, 'तुमचा धंदा दहा वर्षांत बसणार' म्हणून सांगितलं. मला मान खाली घालावी लागली. गेल्या हंगामात हळदीच्या कुकरला काहीतरी वायरी लावून बसला होता, त्या जळाल्या. आता म्हणतो, एका खाजगी कॉलेजात एआय आणि क्वांटमची नवी शाखा निघालीय, तिथंच जाणार. फी वर्षाला साडेतीन लाख. एखादा एकर विकावा लागेल. लेकरू हुशार आहे की नुसतं बोलघेवडं, हे आम्हाला कळंना. त्याच्या वहीची पानं सोबत पाठवतोय, त्याला न सांगता. – एक पालक, जि. हिंगोली"

नमस्कार.

पत्र मिळालं, वहीची सतरा पानंही मिळाली. मुलाला न सांगता वही पाठवलीत, हे काही बरं केलं नाहीत. आज संध्याकाळीच सांगून टाका. रागावेल, पण या उत्तराचा काही भाग त्याच्यासाठी आहे.

साखरपुड्याचा किस्सा वाचून हसू आलं, माफ करा. मामांना माझा निरोप द्या की पंप दहा वर्षांत बसत नाही. वहीत लिथियम बॅटरीचं पान आहे. त्यावर नावं बरोबर आहेत, सालंही बरोबर आहेत, फक्त सालांची वजाबाकी त्यानं केलेली नाही. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डमध्ये कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड, म्हणजे बॅटरीचं धन टोक, शोधला १९८० साली. सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली १९९१ मध्ये. गुडइनफना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, आणि आपल्या गावांत इलेक्ट्रिक स्कूटरी दिसायला लागल्या त्याही त्याच सुमाराला. प्रयोगशाळेपासून गावच्या रस्त्यापर्यंत चाळीस वर्षं. मामांनी पंप खुशाल चालवावा. दुसरा काढायचा विचार असेल तर मात्र जरा थांबावं.

फ्युजनच्या, म्हणजे अणूंची केंद्रं जुळवून ऊर्जा काढण्याच्या, पानावर वेगळी गडबड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा निघाली, म्हणजे कोळसा संपला, असं तो लिहितो. घातली २.०५ मेगाज्यूल, निघाली ३.१५, आकडे खरे आहेत. पण २.०५ ही लेसरनं लक्ष्यावर टाकलेली ऊर्जा. तो लेसर चालवायला वीज लागली सुमारे ३०० मेगाज्यूलची. शेतकऱ्याच्या घरात हे समजवायला वेळ लागू नये: नुसत्या बेण्याच्या खर्चावर नफा काढला, खत, मजुरी, पाणी धरलंच नाही. प्रयोग मोठा होता, त्यात वाद नाही. हिशेब कुठून कुठपर्यंत धरलाय, हे विचारायची सवय त्याला अजून लागायची आहे.

इथपर्यंत वाचून मीही तुमच्याच बाजूला झुकले होते. बोलघेवडा, आणखी काय. मग अकरावं पान आलं.

त्यावर एलके-९९ आहे. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटानं जाहीर केलं की शिसं, तांबं, फॉस्फरस वगैरेंपासून केलेला त्यांचा पदार्थ नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला अतिवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज विनारोध वाहते. जगभर धमाल उडाली. तुमचा मुलगा तेव्हा दहावीत. त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं, 'इतिहास घडला'. खाली काही आठवड्यांनंतरची तारीख आहे आणि त्या ठळक अक्षरांवरून एक सरळ रेघ. शेजारी कारण: दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं पदार्थ करून पाहिला, अतिवाहकता मिळाली नाही, नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि त्याचा रोध १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम घसरतो, त्यानंच सगळे फसले.

प्रयोगशाळेतल्या नोंदवहीचा नियम हाच असतो. चुकलेलं खोडरबरानं पुसायचं नाही, पान फाडायचं नाही; वाचता येईल अशी एक रेघ मारायची आणि कारण लिहायचं. त्याला हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

आणि चौदावं पान. हे तुम्ही वाचलेलं नसावं, कारण पत्रात त्याबद्दल 'काहीतरी वायरी' एवढंच आहे. त्याचं लिहिणं जसंच्या तसं देते: "पप्पा काडी टोचून सांगतात हळद शिजली. काडी चुकत नाही. पण किती तापमानाला, किती मिनिटं, ते पप्पांना सांगता येत नाही. कमी शिजली तर कांडी ठिसूळ, जास्त शिजली तर रंग जातो." मग त्यानं शे-दोनशे रुपयांचे दोन सेन्सर आणले, एक कुकरच्या कडेला आणि एक मधोमध. दर पाच मिनिटांनी नोंद. दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला वाफेनं वायरीचं प्लास्टिक मऊ पडलं आणि शॉर्ट झालं. तेवढ्यातही त्याला दिसलं की मधली हळद कडेच्या हळदीच्या बरीच मागं असते, आणि तुमची काडी नेमकी मधली हळद शिजल्यावरच होकार देते. म्हणजे काडीमागचं कारण त्यानं शोधत आणलं होतं. ह्या पानावर मत एकही नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्या पानावर आहे. सतरांपैकी पंधरा पानं बोलघेवडी, दोन पानं हुशारीची. ह्या वयाला हे प्रमाण चांगलं म्हणायचं. माझ्याकडे एकही हुशारीचं पान नसलेली, ९५ टक्क्यांची मुलं येतात.

आता शाखा. क्वांटम म्हटलं की डोळ्यासमोर कॉम्प्युटर येतो आणि पालकांना वाटतं, कोडिंगचंच काही पुढचं असेल. प्रत्यक्षात अतिवाहक सर्किटांवर चालणारं क्वांटम यंत्र निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, वर एका अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या थंडीत ठेवावं लागतं. म्हणून तिथं भौतिकशास्त्रज्ञांच्या जोडीला थंडी राखणारे, निर्वात राखणारे, मायक्रोवेव्हचे सिग्नल सांभाळणारे लोक हवे असतात. फ्युजनचंही तेच. फ्रान्समध्ये इटर नावाचा आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्प उभा राहतोय. त्या यंत्राभोवतीचं स्टेनलेस स्टीलचं क्रायोस्टॅट, म्हणजे आतली थंडी आणि निर्वात राखणारं भांडं, साधारण तीस मीटर उंच आणि ३,८०० टनांच्या आसपास वजनाचं, लार्सन अँड टुब्रोनं सुरतजवळ हजिऱ्याला तुकड्यांत बनवलं आणि फ्रान्समध्ये नेऊन वेल्डिंगनं जोडलं. फ्युजनवर मत असलेली माणसं ढीगभर सापडतील. एवढं मोठं भांडं हवा न गळेल असं जोडणारी किती?

एवढ्या लांबही जायला नको. तुमच्या शेजारी औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत जवळजवळ पूर्ण निर्वात नळ्या, त्यातून लेसर. अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली की भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी बदलते, ती मोजायची. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था ह्यात आहेत. तुमच्या मुलाच्या सतरा पानांत लायगो कुठंच नाही! कॅलिफोर्निया आहे, कोरिया आहे, औंढा नाही. दर श्रावणात तुम्ही त्याच रस्त्यानं दर्शनाला जात असाल.

लायगोची मूळ कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे रायनर वाइस. पोरवयात ते हाय-फाय संगीतयंत्रं जुळवून द्यायचे, आणि जुन्या तबकड्यांमधली खरखर कशी घालवावी ह्या नादानं अमेरिकेतल्या एमआयटीत गेले. पदवी अर्धवट सोडावी लागली. मग त्याच एमआयटीतल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले, तिथून परत शिक्षणाकडे वळले. १९७२ मध्ये त्यांनी ह्या उपकरणातली खरखर कुठून कुठून येईल आणि ती किती असेल, ह्याचा तपशीलवार अहवाल लिहिला. लहर प्रत्यक्ष सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला, आणि २०१७ मध्ये दोघा सहकाऱ्यांसोबत नोबेल. तबकडीच्या खरखरीपासून लायगोच्या खरखरीपर्यंत त्या माणसाचा धंदा एकच राहिला. तुमच्या मुलाचं चौदावं पान त्याच धंद्याचं आहे. आपल्याकडे त्याला इन्स्ट्रुमेंटेशन म्हणतात, आणि कॅपच्या, म्हणजे सामायिक प्रवेशाच्या, फॉर्मवर पालक ही शाखा बऱ्याच खाली टाकतात.

तेव्हा जमीन विकू नका. चार वर्षांचे चौदा लाख फीचेच, राहणं-खाणं वेगळं, तेही ज्या शाखेची पहिली तुकडी अजून बाहेर पडलेली नाही तिच्यासाठी? मुलाला घेऊन त्या कॉलेजात जा आणि क्वांटमची प्रयोगशाळा दाखवा म्हणा. विचारा, ती शिकवणाऱ्यांनी स्वतः कशात संशोधन केलंय आणि गेल्या वर्षीपर्यंत ते काय शिकवत होते. प्रयोगशाळेच्या जागी संगणकांची खोली दाखवली तर चहा घेऊन परत या.

माझं म्हणणं असं. पहिली पसंती नांदेडला विष्णुपुरीचं श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय: इन्स्ट्रुमेंटेशन, नाही तर इलेक्ट्रॉनिक्स. प्रवेश एमएचटी-सीईटीवर. घर जवळ, म्हणजे हळदीच्या हंगामात शनिवार-रविवार यायला बरं. क्वांटमची हौस कायम राहिली तर तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, एआयसीटीईनं, मूळ पदवीसोबत घेता येईल असा क्वांटमचा मायनर, म्हणजे जोडविषय, आखलेला आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनचा सेन्सिंग आणि मोजमापाचा विभाग आयआयटी मुंबईकडे आहे, त्या वाटेला लागायला इन्स्ट्रुमेंटेशनवाला उपरा ठरत नाही. दुसरी वाट आयसर पुणे ह्या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेची, पाच वर्षांचं बीएस-एमएस. पण त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिथं भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय येतात, आणि तो रस्ता पुढं पीएचडीपर्यंत जायची तयारी असेल तरच. ते त्यालाच विचारा.

कुठल्या शाखेला 'पुढं मागणी' असेल, हे मी सांगत नाही. २००२ च्या सुमाराला आयटीत मंदी होती, तेव्हा मी एका मुलाला छातीठोक सांगितलं होतं की कॉम्प्युटर घेऊ नकोस, तो फुगा फुटला. त्यानं ऐकलं. पाच वर्षांनी त्याचे वर्गमित्र कुठल्या कुठं होते. तो अजून दिवाळीला फोन करतो, मनाचा मोठा आहे.

आता थोडं तुझ्याशी, बाळा.

तुझ्या वहीत एकही समीकरण नाही. अकरावीचे टक्के कुठं गळाले ते मला मार्कशीट न बघता कळलं. सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण आहेत, म्हणजे २०० पैकी १०० गणिताचेच. चांगली बातमी अशी की अकरावीच्या भागाचं वजन २० टक्क्यांच्या आसपास आहे. गेलेलं वर्ष फार महागात पडणार नाही. कुकरच्या कडेचं आणि मधलं तापमान वेळेबरोबर कसं चढतं, त्याचा आलेख काढ. तो वरच्या टोकाला का वाकतो हे समजायला लागेल ते अवकल समीकरणांचं प्रकरण तुझ्या बारावीच्या पुस्तकात आहे.

एआयमुळे प्रोग्रामर संपणार, हे तुझं तिसरं पान. त्यावर मी काही लिहीत नाही. पेन्सिलनं तारीख टाकून ठेव, लागलीच तर रेघ मारायला जागा आहे.

सेन्सरचं म्हणशील तर चूक सेन्सरची नव्हती, वायरीची होती. साधी पीव्हीसी वायर वाफेत टिकत नाही. के-टाइप थर्मोकपल घे, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा सेन्सर, टेफ्लॉनच्या वायरीचा. कुकर दाबाखाली असताना जवळ जायचं नाही, जोडणी थंड असताना करायची. पण हे सगळं पुढच्या वर्षी. यंदा हळद शिजायची वेळ आणि तुझी बोर्डाची परीक्षा एकाच वेळी येते.

नोंदींमधल्या वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात आहेत, आणि कोपऱ्यात बारीक लिहिलंयस, 'वेळा: छोटीनं'. म्हणजे धाकटी बहीण असावी. यंदा पप्पांची काडी आणि तिचं घड्याळ, एवढ्यावर नोंदी चालू ठेवता येतील. तू तेवढा वेळ गणित कर. आणि पुढच्या पानावर तिचं पूर्ण नाव लिही, वर, तुझ्या नावाशेजारी.