एलसी-एमएसमधले (नमुन्यातले रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) पीक, म्हणजे आलेखातली शिखरं, कोणत्या रेणूची ते ओळखायला एचएमडीबी वापरू की पबकेम? मास (वस्तुमान) चार दशांशांपर्यंत जुळला की पुरे, असं आमचे सर म्हणतात.

रक्ताचे नमुने असतील तर एचएमडीबी, तो माणसाच्या शरीरातल्या रेणूंचाच डेटाबेस आहे. पबकेम हा सगळ्याच रसायनांचा डेटाबेस, त्यात दहा कोटींहून जास्त संयुगं आहेत, त्यातली बहुतेक माणसाच्या शरीरात कधी सापडायची नाहीत. पण तुमच्या सरांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला १३०.०४९९ ला मोठा पीक मिळाला. एचएमडीबी म्हणालं, पायरोग्लुटामिक आम्ल. रुग्णांमध्ये तो वाढलेला होता, त्यामुळे ग्लुटाथायोनचं (पेशींचं रक्षण करणारा रेणू) चक्र बिघडलंय असं गाइडनी ठरवून टाकलं. केग्ग या डेटाबेसमधला त्या चक्राचा नकाशासुद्धा (पाथवे) लाल रंगवून झाला. मला मात्र खटकत होतं. तो पीक एलसीतून ०.९ मिनिटाला बाहेर येत होता, आणि त्याच वेळेला १४७.०७६४ चाही पीक होता आणि प्रत्येक नमुन्यात दोघं जोडीनं वर-खाली होत होते. १४७ म्हणजे ग्लुटामिन. दोन्हींतला फरक १७.०२६५, म्हणजे नेमका अमोनिया. ग्लुटामिन मशीनच्या सोर्समध्येच (जिथे रेणूंचे आयन बनतात) अमोनिया सोडतं आणि १३० चा आयन तयार होतो.

स्टँडर्ड (ओळख माहीत असलेला शुद्ध नमुना) मागवू का विचारलं, तर गाइड म्हणाले, "मग डेटाबेस कशाला आहेत?" शेवटी शेजारच्या सेल कल्चरवाल्यांकडून चिमूटभर ग्लुटामिन मागून आणलं, ताजं विरघळवलं आणि रात्री रन लावला. ०.९ ला १४७ आणि १३०, दोन्ही! पुढे पायरोग्लुटामिक आम्लाचं स्टँडर्ड पदरच्या पैशानं घेतलं. ते १.६ मिनिटाला आलं. आमच्या नमुन्यांत तिथे जवळपास काहीच नव्हतं. तरी पोस्टर त्याच नावानं लागलं, खाली माझं नाव. ते मला आजही सलतं.

डेटाबेस नाव सुचवतो, ओळख पटवत नाही. ल्युसिन आणि आयसोल्युसिनचा मास एकच आहे, १३१.०९४६, दहा दशांशांपर्यंत गेलात तरी ते वेगळे होणार नाहीत. पक्की ओळख म्हणायची तर आपल्याच लॅबमध्ये स्टँडर्ड चालवून दोन स्वतंत्र गुणधर्म जुळवावे लागतात, उदाहरणार्थ रिटेन्शन टाइम (एलसीतून बाहेर येण्याची वेळ) आणि एमएस/एमएस (रेणू फोडून मिळालेल्या तुकड्यांचे मास). मेटाबोलोमिक्सवाल्यांनी (शरीरातल्या छोट्या रेणूंचा अभ्यास करणाऱ्यांनी) हे २००७ मध्येच लिहून ठेवलंय. सरांना तेच दाखवा.

अर्थात सगळ्या पीकची स्टँडर्ड्स कुणालाच परवडत नाहीत. ज्या चार-पाचांवर तुमचा निष्कर्ष उभा आहे तेवढी घ्या, बाकीच्यांचे एमएस/एमएस मासबँक या स्पेक्ट्रमच्या डेटाबेसमध्ये ताडून पाहा आणि नावापुढे 'संभाव्य' लिहा. नमुने वनस्पतींचे असतील तर मात्र नुसत्या एचएमडीबीवर भागणार नाही.