पाडकाम दिसलं की थांब

आर्किटेक्टच्या ऑफिसात नवीन लागला आहेस म्हणून सांगतो. जुनी इमारत पाडत असतील तिथे पत्र्याच्या कुंपणाबाहेर दहा मिनिटं उभा राहा. शेजारच्या भिंतीवर जिन्याची तिरकी खूण, तुळयांची भोकं, खोल्यांचे वेगवेगळे रंग दिसतात. असा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, कॉलेजात कुणी दाखवत नाही. विटांचे थर मोजलेस तरी मजल्याची उंची निघते. वहीत उतरव, तारीख घाल. हळहळ वाटेल, वाटू दे. पण जुनं ते सगळं सोनं नसतं, त्या अंधाऱ्या खोल्याही बघ! आणि चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा सुचवणाऱ्या ठेकेदाराला सरळ नाही म्हण; ओल आत कोंडते, वीट झडते. आपलं कामही कधीतरी पाडतील, म्हणून ड्रॉइंग्ज जपून ठेव.