पोटरीतली फडफड आणि हातोडीचा ठोका

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा 23 वर्षांचा एक तरुण माझ्याकडे आला (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत), तेव्हा त्याचे पहिलेच वाक्य होते, "मॅडम, माझं शरीर माझ्या ताब्यात राहिलेलं नाही." दीड महिन्यापासून त्याची पोटरी मधूनच फडफडत होती आणि डावी पापणी लवत होती. पुरुषाचा डावा डोळा लवणे अशुभ, असे आजीने सांगितले होते. इंटरनेटवर त्याला मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायूंना आदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जाण्याचा गंभीर आजार) हे नाव सापडले होते, आणि तेव्हापासून तो दिवसातून तीस-चाळीस वेळा टाचा उचलून स्वतःच्या पायांची ताकद तपासत होता.

अशा तक्रारीत वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय मी समुपदेशन सुरू करत नाही. न्यूरोलॉजिस्टनी तपासून ताकद उत्तम असल्याचे आणि स्नायू झिजलेले नसल्याचे सांगितले. मात्र गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर "पाय जरा जोरात उडतो" हे त्यांचे सहज उच्चारलेले वाक्य त्याच्या मनात रुतून बसले.

म्हणून आम्ही त्या ठोक्यापासूनच सुरुवात केली. ठोक्याने मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, त्याची वर्दी चेतातंतूंमार्फत कमरेच्या भागातील मज्जारज्जूत पोचते आणि तेथूनच आकुंचनाचा आदेश परत येतो. मेंदूला हे कळेपर्यंत स्नायूने हालचाल सुरूही केलेली असते. मेंदूचे काम या प्रतिक्षिप्त क्रियेवर वरून लगाम ठेवण्याचे आहे, आणि मन तणावात असेल तर तो लगाम सैल होतो. हंगेरीचे डॉक्टर येंद्राशिक यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढली, तर त्याच ठोक्याने पाय अधिक उडतो. हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी दीड महिना बोटं अडकवूनच बसलोय."

पोटरीची फडफड ही प्रतिक्षिप्त क्रिया नव्हे, हेही मी स्पष्ट केले. स्नायूकडे जाणारा एखादा चेतातंतू आदेशाविना संदेश सोडतो आणि तेवढेच धागे थरथरतात; जागरण, अति चहा, चिंता आणि थकलेला स्नायू यांमुळे हे वाढते. पोटरी थकवण्याचे काम तर त्याची तपासणीच करत होती. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त प्रत्येक तपासणीची वहीत नोंद करायची, दुसऱ्या आठवड्यापासून इच्छा झाल्यावर पंधरा मिनिटे थांबायचे, असे आम्ही ठरवले. हे थांबणे त्याला फार जड गेले. दोनदा तो रडला. धीर देणारी उत्तरे मी जाणूनबुजून पुन्हा पुन्हा दिली नाहीत, कारण तीही तपासणीचीच जागा घेतात.

पायात किंवा हातात खरोखर ताकद कमी होऊ लागली, स्नायू बारीक दिसू लागला, बोलणे किंवा गिळणे अडखळू लागले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, हे मी त्याला लिहून दिले आणि घरच्यांनाही सांगितले.

दोन महिन्यांनी पापणी शांत झाली होती. पोटरी अजूनही अधूनमधून फडफडते आणि रविवारी सकाळी तो एकदा टाचा उचलून पाहतो; तेवढे आम्ही सध्या राहू दिले आहे.