‘बस’ म्हणजे ‘सगळ्यायले’

आर्णीकडे सेवा केंद्र चालवणाऱ्या एका भाऊंचा प्रश्न असा आहे: ‘संगणकाच्या वर्गात सरांनी शिकवलं की यूएसबीतल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ बस, आणि डेटा तिच्यात प्रवाशासारखा बसून जातो म्हणून तिला बस म्हणतात. हे बरोबर आहे काय जी? आणि गिऱ्हाईक केबलला पिन म्हणते, पुस्तकात प्रिंटर-माउसला परिघीय उपकरणे लिहिलेलं असते. यातलं बरोबर काय समजावं?’

भाऊ, हे ‘बसून जाण्या’चं स्पष्टीकरण मी कित्येक वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी माझं डोकं तापतं. एका वर्गात तर भिंतीवर चित्रच पाहिलं: लाल एसटी, आणि खिडक्यांतून शून्य आणि एक हे आकडे डोकावताहेत. पोरं ते चित्र मन लावून वहीत उतरवून घेत होती. मराठीतलं ‘बसणे’ हे संस्कृत ‘उपविश्’वरून आलं, जुन्या मराठीत ते ‘बैसणे’ होतं. त्याचा तारेशी नि संगणकाशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजी ‘बस’शी उच्चार जुळला तो निव्वळ योगायोग.

यूएसबी म्हणजे युनिव्हर्सल सिरियल बस. ‘सिरियल’मध्ये कोडं काही नाही. जुन्या प्रिंटरच्या जाड पॅरलल केबलीतून आठ बिटं, म्हणजे शून्य-एकचे आठ आकडे, आठ तारांवरून सोबत निघायची, इथे ती एकामागून एक रांगेने निघतात. ‘युनिव्हर्सल’कडे मागाहून येतो. खरा ऐवज ‘बस’मध्ये आहे.

‘बस’ हा पुरता शब्दच नाही, एका शब्दाचं शेपूट आहे. मूळ शब्द लॅटिन ‘ऑम्निबस’. ‘ऑम्निस’ म्हणजे सर्व, आणि त्याचं चतुर्थीचं अनेकवचन ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२६ साली स्तानिस्लास बोद्री यांनी भाडं देईल त्याला चढता येईल अशी घोडागाडी सुरू केली आणि तिला हे नाव पडलं. १८२८ साली अशा गाड्या पॅरिसात धावू लागल्या. १८२९ साली जॉर्ज शिलिबिअर यांनी लंडनात तीन घोड्यांची, २२ माणसांची ऑम्निबस आणली. कुणा ‘ऑम्नेस’ नावाच्या टोपीवाल्याच्या दुकानावरच्या पाटीवरून हे नाव आलं, अशी गोष्ट चवीने सांगतात. गोष्ट गोड आहे, पण शब्द समजायला तिची गरज नाही. लॅटिन येणाऱ्या प्रत्येकाला तो आधीपासून ठाऊक होता. पुढे इंग्रजांनी त्याचा पुढचा भाग छाटून टाकला आणि ‘बस’ तेवढं ठेवलं. म्हणजे ‘सर्व’ गेले, ‘साठी’ राहिलं.

हे आपल्या बोलीत करून पाहा, म्हणजे पटेल. ‘ऑम्निबस’ला वऱ्हाडीत शब्द ‘सगळ्यायले’. समजा गावाने त्या गाडीचं नाव ‘सगळ्यायले’ ठेवलं आणि पुढच्या पिढीने ‘सगळ्या’ गाळून नुसतं ‘यले’ म्हणायला सुरुवात केली. ‘दारव्ह्याची यले गेली काय?’ ‘यले आज उशिरा हाये.’ इंग्रजीत नेमकं हेच झालं. विभक्तीचा प्रत्यय नाम होऊन रस्त्यावर धावू लागला, आणि गाडीत बसणाऱ्या एकालाही त्याचं नवल वाटेनासं झालं.

आणि तो प्रत्यय आपल्या घरातला आहे. शाळेत ‘रामाय रामाभ्याम् रामेभ्यः’ घोकलं असेल. पूजेला बसल्यावर गुरुजी ‘सर्वेभ्यो देवेभ्यो नमो नमः’ म्हणतात, तेही ऐकलं असेल. त्या ‘सर्वेभ्यः’तला ‘भ्यः’ आणि ‘ऑम्निबस’मधला ‘बस’ हे एकाच मुळाचे. विसर्ग मूळचा ‘स्’ आहे, पाणिनीच्या सूत्रात हा प्रत्यय ‘भ्यस्’ असाच येतो. लॅटिनमध्ये ‘बस’चा उच्चार ‘बुस्’. भ्यस्, बुस्. एकदा मोठ्याने म्हणून बघा.

भ चा ब कसा झाला, हा प्रश्न रास्तच आहे. लॅटिनची रीतच तशी आहे. शब्दाच्या सुरुवातीला आपला भ असेल तिथे लॅटिनमध्ये फ येतो: भ्राता तिथे ‘फ्रातेर’, भरामि तिथे ‘फेरो’. शब्दाच्या मध्ये भ असेल तिथे ब येतो: नभस् तिथे ‘नेब्युला’. ‘ऑम्निबस’मधला ब मधलाच आहे, म्हणून तो नियमात बसतो. आपल्या प्रत्ययातला ‘य’ मात्र लॅटिनमध्ये नाही, तेव्हा हे सख्खे भाऊ नव्हेत, चुलत समजा. पण चुलत असले तरी खोड एकच. संस्कृतात चतुर्थी आणि पंचमीचं अनेकवचन सारखं असतं, दोन्हीकडे ‘रामेभ्यः’, पाणिनीच्या एकाच सूत्रात ‘भ्यस्’ दोनदा येतो तो त्यामुळेच. आणि लॅटिनमध्येही ‘ऑम्निबस’चे दोन अर्थ होतात, ‘सर्वांना’ आणि ‘सर्वांपासून’. हे जुळणं मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात दोन फेऱ्या मारल्या होत्या.

हे सांगितलं की काहीजण लगेच म्हणतात, ‘म्हणजे लॅटिन संस्कृतातूनच निघाली!’ नाही. दोघींचं माहेर एक आहे, एकीने दुसरीकडून उसनं घेतलेलं नाही. ‘ऑम्निस’ आणि ‘सर्व’ हे शब्दही वेगवेगळ्या धातूंचे, प्रत्यय तेवढा एक. अभिमानापोटी व्युत्पत्ती ताणली की ती तुटते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, गाडीची बस निराळी आणि संगणकाची निराळी, संगणकाची बस ‘बसबार’वरून आली. बसबारवरून आली हे खरं, पण निराळी कशी? बसबार हा ‘ऑम्निबस बार’च आहे! कोराडीची किंवा चंद्रपूरची वीज ज्या उपकेंद्रातून आपल्या गावाकडे येते, तिथल्या लाइनमनला विचारा. जाड नळीसारखी किंवा पट्टीसारखी एक वाहक असते, तिला तो बसबार म्हणतो. आलेली वीज त्या पट्टीवर उतरते आणि तिथून फुटतात तितके फीडर, म्हणजे गावोगावी जाणाऱ्या लाइनी, आपापली वीज उचलतात. पट्टी जागची हलत नाही. तिच्यात कोणी बसत नाही की तिच्यावरून कोणी उतरत नाही. ती सगळ्यांसाठी आहे, एवढंच तिचं बसपण. संगणकाच्या अभियंत्यांनी हाच शब्द उचलला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० साली पीडीपी-८/ई हा संगणक काढला, त्यात सगळी कार्डं ज्या सामाईक मार्गावर खोचायची त्याचं नाव त्यांनी पूर्णच ठेवलं होतं: ‘ऑम्निबस’. छाटलेलं डोकं तिथे पुन्हा धडावर आलं. आणि यूएसबीचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ मध्ये आला, तो तयार करणाऱ्या सात कंपन्यांत हीच कंपनी होती. इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, एनईसी आणि नॉर्टेल या बाकीच्या. त्या कामात पुढे असलेले इंटेलचे अजय भट्ट बडोद्याला शिकलेले.

आता ‘सर्वांसाठी’ हा अर्थ यूएसबीत खरंच उतरतो का, ते तुमच्याच टेबलावर पाहू. पऱ्हाटी वेचून रेघा पुसट झालेला म्हातारीचा अंगठा तुम्ही यूएसबीने जोडलेल्या ठशाच्या यंत्राच्या काचेवर दाबून धरता. यंत्राने ठसा टिपला तरी ते आपणहून एक बिटही पाठवत नाही. संगणक पुकारेपर्यंत ते गप्प असतं. हे शाळेतल्या हजेरीसारखं आहे. सर ‘सतरा’ म्हणतात, ते अख्ख्या वर्गाच्या कानावर जातं, आणि ‘हजर जी’ म्हणतो तो सतरा नंबरचा एकटाच. यूएसबीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत हबमधून, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणाऱ्या डबीतून, पुढे जाणारा पुकारा असाच जोडलेल्या सगळ्यांपर्यंत पोचतो आणि ज्याचा नंबर असेल तोच उत्तर देतो. बाकीचे ऐकून सोडून देतात. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून वेगवान सामानाला डेटाचं पाकीट थेट त्याच्या वाटेने धाडू लागले, पण नाव तेच राहिलं. नंबर सात बिटांचा, म्हणजे शून्य ते १२७. त्यातला शून्य कोणालाच कायमचा देत नाहीत. नुकतंच खोचलेलं, अजून नंबर न मिळालेलं सामान शून्य या नावाने ओ देतं, संगणक त्याला नंबर देतो आणि शून्य पुन्हा पुढच्या नव्या पोरासाठी मोकळा होतो. म्हणून एका यूएसबी बसवर जास्तीत जास्त १२७ वस्तू, हब धरून.

एसटीच्या चित्रात हे कुठे आहे? एसटीत प्रवासी आपल्या थांब्यावर उतरतो. इथे हाक सगळ्या थांब्यांवर एकदमच पोचते.

‘युनिव्हर्सल’चं राहिलं होतं. तो शब्दही ‘सर्वांचा’, ‘बस’ही ‘सर्वांसाठी’. म्हणजे हे नाव पिवळा पीतांबर आहे. पण मला त्यात खोट दिसत नाही. त्याआधी कीबोर्डला गोल जांभळं भोक, माउसला हिरवं, प्रिंटरला २५ पिनांचं, मोडेमला ९ पिनांचं, असा ज्याचा त्याचा वेगळा दरवाजा होता. सगळ्यांना एक दरवाजा करणाऱ्यांनी ‘सर्व’ दोनदा म्हटलं तर शोभतं.

‘बस’ला मराठी शब्द हवाच असेल तर पुस्तकांतले ‘मार्गिका’, ‘वाहिनी’ मला नकोत. वाहिनीत वाहणं आहे, सामाईकपणा नाही. माझा शब्द ‘पांदण’. पश्चिमेकडे पाणंद म्हणतात, तीच आपली पांदण. दोन धुऱ्यांमधून जाणारी, कोणा एकाच्या मालकीची नसलेली, प्रत्येक वावराला तोंड देणारी वाट. आणि तिचा कायदा बघा: एका वेळी एकच बंडी. समोरून दुसरी आली तर दोघांपैकी एकाला बैल मागे रेटत न्यावे लागतात, भरल्या बंडीला रिकामी वाट देते. बसवरही एका वेळी एकच बोलतो. दोघे सोबत बोलले की दोघांचंही बिघडतं, म्हणून आधी कोण हे ठरवणारा कोणीतरी लागतो. यूएसबीत तो संगणक. सामाईक, सगळ्यांना तोंड असलेली, एका वेळी एकाची, हे तिन्ही गुण एका शब्दात सांगणारा दुसरा मराठी शब्द मला कोणी दाखवावा. ‘संगणकात पांदण कुठली?’ असं म्हणून माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी हा शब्द उडवून लावला. इंग्रजाला घोडागाडीचं नाव चालतं, मग आपल्याला बैलबंडीची वाट का चालू नये, याचं उत्तर त्यांच्याकडून अजून यायचं आहे.

‘परिघीय उपकरणे’बद्दल थोडक्यात. ज्या इंग्रजी शब्दासाठी हे घडवलं तो ‘पेरिफेरल’ मूळचा ग्रीक. त्यातलं ‘पेरी’ म्हणजे आपलं ‘परि’च, आणि ‘फेर’ म्हणजे आपला ‘भृ’, भरणे, वाहणे यातला. ‘ट्रान्सफर’मधला ‘फर’ही तोच. शब्द घडवणाऱ्यांच्या हाताशी ‘परि’ आणि ‘भृ’ आयते होते. ते सोडून त्यांनी ‘परिघ’ घेतला, जो ‘परि’ आणि ‘हन्’ म्हणजे मारणे यातून निघाला आणि संस्कृतात ज्याचा एक जुना अर्थ दाराचा अडसर असा आहे. तुम्ही आपलं ‘जोडायचं सामान’ म्हणा, गिऱ्हाइकाला लगेच कळतं.

आणि पिन. ‘बारीक पिनची द्या’, ‘सी टाइपची पिन आहे काय’, हे बिनचूक मराठी आहे. एका अवयवावरून अख्ख्या वस्तूचं नाव पडणं हा भाषेचा जुना रिवाज. ‘घरात पाच तोंडं’ म्हणतो तेव्हा माणसंच मोजतो ना? उलट पिन हाच त्या केबलीचा बघण्यासारखा भाग आहे. मी एका बंद पडलेल्या माउसची वायर ब्लेडने सोलून पाहिली होती: आत लाल, काळी, हिरवी, पांढरी. लाल-काळीवर ५ व्होल्टची वीज, हिरव्या-पांढरीवर बोलणं. त्या लाल तारेला मानकात नाव आहे ‘व्हीबस’. चारांत जिच्या नावात ‘बस’ आहे ती डेटाची नाही, विजेची तार. ‘डेटा बसून जातो’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं. आता कुठल्याही चपट्या, जुन्या पद्धतीच्या यूएसबीच्या तोंडात उजेडाला धरून बघा. चार पिवळ्या पट्ट्या दिसतील. त्यातल्या कडेच्या दोन मधल्या दोनांपेक्षा किंचित पुढे आलेल्या असतात. त्या विजेच्या. खोचताना आधी वीज लागते आणि मग बोलणं सुरू होतं, काढताना आधी बोलणं तुटतं आणि मग वीज.