इंग्लंडच्या खेड्यातली जुनी चर्चेस रविवार सोडून ओसच असतात का? आणि तिथे राहणाऱ्या हिंदू माणसाचा त्यांच्याशी काही संबंध येतो का?

येतो, आणि तो कायद्यानेच येतो. मी डर्बीशरमधल्या एका खेड्यात राहतो. इथे चर्चची पॅरिश म्हणजे भाविकांची यादी नव्हे, ती जमिनीची हद्द आहे. त्या शिवेच्या आत जो राहतो तो पॅरिशचा, मग तो देव मानो न मानो. चर्चच्या आवारात दफनाला जागा असेल, तर तो हक्क मलाही आहे. आपल्याकडच्या ग्रामदैवतासारखंच हे. गावात राहिलात की वर्गणी मागायला येणारच!

शीव किती खरी असते, ते जवळच्या ईम गावात कळतं. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून तिथे प्लेग शिरला, असं सांगतात. तिथला रेक्टर, म्हणजे पॅरिशचा धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून दूर झालेला थॉमस स्टॅनली, यांचे पंथ वेगळे. तरी १६६६ च्या जूनमध्ये दोघांनी मिळून गावाला हद्दीबाहेर न जाण्यासाठी राजी केलं. चर्चला कुलूप, प्रार्थना घळीत उघड्यावर, आणि आपलं माणूस आपणच पुरायचं. शिवेवरच्या दगडाला खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी धान्य ठेवून जायचं. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. ऑगस्टमध्ये मॉम्पेसनची बायको कॅथरिनही गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात आजही प्लेगमध्ये गेलेल्यांसाठी प्रार्थना होते.

आता आठवडा. आमच्या व्हिकारबाईंकडे, म्हणजे धर्मगुरूबाईंकडे, पाच गावं, त्यामुळे आमच्या वाट्याला दर रविवार येत नाही. मंगळवारी संध्याकाळी मात्र मनोऱ्यात घंटांचा सराव चुकत नाही. सूर वाजवत नाहीत, घंटांचा क्रम बदलत जातात. सहा घंटांचे ७२० क्रम होतात. वाजवणाऱ्यांत निम्मे नास्तिक आहेत आणि तेच सगळ्यात वक्तशीर! गुरुवारी चहा-केक, शनिवारी फुलं आणि पितळेची घासपूस. बाकी बोलणं छपराचं. मागे एका रात्रीत त्यावरचं शिसं चोरीला गेलं. चर्चसाठी सक्तीची पट्टी १८६८ मध्येच बंद झाली, तेव्हा पैसे केक विकूनच उभे करायचे.

वर्षातून एकदा दोन चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारे, निवडायची सभा असते. पॅरिशमधल्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे, त्याला तिथे मत देता येतं. बाप्तिस्म्याची अट नाही. गेल्या वर्षी मी गेलो. मला धरून नऊ माणसं. हात वर केला, आणि घरी पोचेपर्यंत गवत कापणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलेलं होतं.